वाइल्ड कार्ड : घरच्या फेरीतून जागतिक शर्यतीकडे

जागतिक मोटारसायकल अजिंक्यपद स्पर्धेत संपूर्ण मोसमासाठी करारबद्ध झालेले स्वार प्रत्येक फेरीत भाग घेतात. त्यांच्याखेरीज एखाद्या फेरीपुरता ज्या स्वाराला प्रवेश दिला जातो, त्याला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. जखमी स्वाराच्या जागी उतरणारा बदली स्वार वेगळा. वाइल्ड कार्डचा स्वार कोणाच्याही जागी येत नाही. तो अतिरिक्त असतो. मोटो-२ व मोटो-३ या गटांत ज्या देशात फेरी असेल तेथील राष्ट्रीय महासंघाला आपल्या स्वारांची शिफारस करता येते. प्रवेश मिळाला, तरी सर्वांत वेगवान स्वाराच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत फेरी पूर्ण केल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. मात्र पहिल्या पंधरांत आल्यास त्यालाही इतरांप्रमाणेच गुण मिळतात.

या सवलतीचा सर्वाधिक लाभ जपानने उठविला. नोबोरु उएदाने १९९१ मध्ये सुझुका येथे वाइल्ड कार्डवर १२५ सीसी गटाची शर्यतच जिंकली. १९९४ मध्ये त्याच सर्किटवर अठरा वर्षांचा नोरिफुमी आबे ५०० सीसी गटात डूहान आणि श्वान्त्झ या दिग्गजांशी झुंजला. अखेरच्या टप्प्यात तो कोसळला. पण त्या एका शर्यतीने त्याला जागतिक स्पर्धेचे दार उघडले आणि १९९६ मध्ये सुझुकालाच तो विजेता ठरला. डाईजिरो काटोने १९९७ मध्ये २५० सीसी गटात तेथेच वाइल्ड कार्डवर बाजी मारली. सुझुकाचे सर्किट व त्यावरील कडव्या राष्ट्रीय शर्यती या तिघांच्या पाठीशी होत्या.

आग्नेय आशियाने हाच मार्ग अनुसरला. मलेशियाचा हाफिझ स्याहरिन २०१२ मध्ये सेपांगच्या पावसात मोटो-२ गटात चौथा आला आणि २०१८ मध्ये मोटो-जीपीत पोहोचला. थायलंडमध्ये बुरिराम येथील सर्किट २०१४ मध्ये सुरू झाले. तेथे २०१८ मध्ये प्रथमच जागतिक फेरी झाली, तेव्हा सोमकिएत चांत्रा मोटो-३ गटात वाइल्ड कार्डवर नववा आला. त्यापूर्वी २०१६ मध्ये त्याने ‘आशिया टॅलेंट कप’ जिंकला होता. २०२२ मध्ये त्याने इंडोनेशियात मोटो-२ ची शर्यत जिंकली आणि २०२५ मध्ये तो मोटो-जीपीत उतरला.

भारताची स्थिती चमत्कारिक आहे. चेन्नईचा सरथ कुमार २०११ मध्ये १२५ सीसी जागतिक स्पर्धेत उतरला. परंतु तो प्रवेश वाइल्ड कार्डचा नव्हता, कारण तेव्हा भारतात फेरीच नव्हती. ती सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली आणि चेन्नईच्याच के. वाय. अहमदला मोटो-३ साठी वाइल्ड कार्ड प्रवेश मिळाला. पण २०२४ ची फेरी रद्द झाली, २०२५ मध्येही ती झाली नाही. घरची फेरी गेली की राष्ट्रीय महासंघाची शिफारसही जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तर हा विरोधाभास अधिकच ठळक आहे. मुंबईच्या महिंद्राने २०११ ते २०१७ या काळात जागतिक स्पर्धेत गाड्या उतरविल्या. २०१६ मध्ये ॲसेनला इटलीच्या फ्रान्सेस्को बान्यायाने महिंद्रावर शर्यत जिंकली. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली व २०२५ मध्ये त्या कंपनीची सूत्रे हाती घेतली. भांडवल आपले, कारखाने आपले, स्वार मात्र परके!

यामागील कारण उघड आहे. राष्ट्रीय रस्ता-शर्यती प्रामुख्याने चेन्नई व कोइम्बतूर येथे होतात. मंडणगडच्या घाटवळणांवर एखाद्या तरुणाचा हात कितीही बसला, तरी ती वाहतुकीची वाट आहे, सरावाची जागा नव्हे. सर्किटवरील सरावासाठी त्याला तमिळनाडू गाठावे लागते. शिवाय आपल्या बहुतेक राष्ट्रीय गटांत रस्त्यावरच्याच गाड्या सुधारून धावतात. होंडाच्या टॅलेंट कपमधील ‘एनएसएफ २५०आर’ ही मोटो-३ धर्तीची गाडी त्याला ठळक अपवाद ठरली होती. सवय एका गाडीची आणि परीक्षा दुसऱ्या गाडीवर, अशी स्वाराची कुचंबणा होते.

वाइल्ड कार्ड ही कृपा नसून एका दिवसाची परीक्षा आहे. तिचे केंद्र आपल्या देशात हवेच. पण अभ्यास वर्षभर व्हावा, अशी शाळाही हवी.