उसन्या चालींची ओढ

२००४ साली डेंजर माउस या संगीत-निर्मात्याने बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’मधले तुकडे रॅपर जे-झीच्या शब्दांखाली बसवून ‘ग्रे अल्बम’ केला. परवानगी नव्हती, ईएमआय कंपनीने वाटप थांबवायला लावले, तरी लोक त्यावर तुटून पडले. वऱ्हाडाला ही ओढ नवी नाही. तिवसा तालुक्यातल्या मोझरीला १९३५ साली गुरुकुंज उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या भजनांवर ‘तर्ज’, म्हणजे कोणत्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे ते, छापलेली दिसते. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकातही (१८८०) पदांना आधीच्याच चाली होत्या. चाल ओळखीची असली की खंजिरीवर थाप पडताच मंडळी ध्रुपदाला साथ धरतात आणि सगळे लक्ष नव्या शब्दांकडे जाते. जुने गाणे मात्र कानातून हटत नाही. एकाच वेळी दोन्ही ऐकू येण्यातच खरा आनंद आहे.

ही चोरीच नव्हे का, हा आक्षेप खोटा नाही. चाल बांधणाऱ्याचे पोट तिच्यावर असते. पण चोर माल लपवतो. ‘तर्ज’ उगम सांगते आणि सॅम्पल, म्हणजे असा उचललेला तुकडाही, अनेकदा ओळखू यावा म्हणूनच वापरतात. तेव्हा मोबदला हवा, बंदी नको. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोबदला भरून गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करायची वाट ठेवली होती. तशीच वाट या तुकड्यांसाठीही काढता येईल.