पेल क्रिमिनल, द

ब्रिटिश लेखक फिलिप कर (१९५६–२०१८) यांची १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ऐतिहासिक रहस्यकादंबरी. बर्लिनमधील खाजगी गुप्तहेर बर्नी गुंथर याच्यावरील मालिकेतील ही दुसरी कादंबरी असून, ‘मार्च व्हायोलेट्स’ (१९८९) आणि ‘अ जर्मन रेक्विएम’ (१९९१) यांच्यासह ती पुढे ‘बर्लिन न्वार’ या खंडात एकत्र छापली गेली. शीर्षक जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याच्या ‘झरथुष्ट्र’मधील एका प्रकरणावरून घेतले आहे.

कथानकाचा काळ १९३८ चा उन्हाळा ते नोव्हेंबर हा आहे. चेकोस्लोव्हाकियातील जर्मनभाषक सुडेटेन प्रदेशावरून युद्ध पेटणार, या धास्तीत बर्लिन वावरत होते. सप्टेंबरअखेरच्या म्यूनिक कराराने हे युद्ध वर्षभर पुढे ढकलले गेले, एवढेच. नाझी सत्तेवर आल्यावर पोलीस खात्यातून बाहेर पडलेला गुंथर एका श्रीमंत प्रकाशिकेसाठी खंडणीखोराचा माग काढत असतो. त्याच सुमारास सोनेरी केसांच्या किशोरवयीन मुलींचे खून होऊ लागतात आणि सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ट हायड्रिख त्याला ‘क्रिपो’त, म्हणजे गुन्हे अन्वेषण पोलिसांत, बळेच परत आणतो. हे दल १९३६ मध्येच गेस्टापो या राजकीय पोलिसांबरोबर हायड्रिखच्या हाताखाली गेलेले असल्यामुळे खुनाचा साधा तपासही तेथे राजकारणापासून अलग राहू शकत नाही. खंडणीच्या तपासातले धागे अखेर याच खुनांपाशी येऊन मिळतात.

ज्यू लोक धार्मिक विधीसाठी ख्रिस्ती मुलांचा बळी घेतात, हा मध्ययुगापासून युरोपात पसरलेला निखालस खोटा आरोप कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. नाझी नेता यूलिउस श्ट्राइखर याच्या ‘डेर श्ट्यूर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाने मे १९३४ मध्ये त्यावर खास अंकच काढला होता. त्या आरोपाला पुरावा मिळावा आणि ज्यूंविरुद्ध दंगल भडकावी, यासाठीच हे खून घडवले जात असल्याचे गुंथरला उमगते. कटातील माणसे करांनी इतिहासातूनच घेतली: एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याचा गूढविद्येचा सल्लागार कार्ल मारिया विलिगूट ऊर्फ वाइस्टोर, जो १९२० च्या दशकात साल्झबुर्गच्या मनोरुग्णालयात होता, आणि ‘पवित्र पात्रा’च्या (होली ग्रेल) शोधात दक्षिण फ्रान्समध्ये हिंडलेला लेखक ओटो रान. या व्यक्ती खऱ्या असल्या, तरी खुनांचा कट पूर्णतः कल्पित आहे, हे वाचताना विसरता कामा नये.

निवेदन गुंथरच्याच तोंडून होते आणि त्याच्या तिखट बोलण्यावर अमेरिकन लेखक रेमंड चँडलर यांची छाप स्पष्ट दिसते. काही ठिकाणी उपमांचा सोस खटकतो. मात्र करांनी या साहित्यप्रकाराचा पायाच हलवला, ही त्यांची खरी कामगिरी होय. रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की समाजाची घडी पूर्ववत बसते, असे गृहीत असते. येथे गुंथर कट उघडा पाडतो, परंतु ७ नोव्हेंबर रोजी पॅरिसमध्ये हेर्शेल ग्रुन्श्पान या ज्यू तरुणाने जर्मन राजनैतिक अधिकारी एर्न्स्ट फॉम राट याच्यावर गोळ्या झाडल्या आणि ९ नोव्हेंबरला राट मरण पावल्यावर हवे असलेले निमित्त सत्तेला आयतेच मिळाले. त्या रात्री ज्यूंविरुद्ध उसळलेल्या हिंसाचाराला ‘क्रिस्टालनाख्ट’ म्हणतात. त्यात शेकडो सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे) जाळली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना अटक करून छळछावण्यांत पाठवण्यात आले. तपास यशस्वी होऊनही न्याय होत नाही, हे इतक्या कठोरपणे मांडणारी ही कादंबरी मूळ त्रयीत सर्वांत सरस ठरते.

त्रयीनंतर पंधरा वर्षांनी, २००६ मध्ये, करांनी गुंथरची मालिका पुन्हा सुरू केली. तिची चौदावी व शेवटची कादंबरी ‘मेट्रोपोलिस’ त्यांच्या निधनानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.