तळटीप : तेरा कंदिलांचे झाड

१. ‘कंदिलांचे झाड’ : फ्लोरिडातील ‘मॅजिक किंग्डम’ हे डिस्नेचे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झाले. त्यातल्या ‘लिबर्टी स्क्वेअर’ या भागात अमेरिकेच्या वसाहतकाळातील गाव उभे केले आहे. लेखकाने उल्लेखलेले झाड तिथलेच. फांद्यांना काचेचे तेरा कंदील टांगलेले दिसतात. मूळच्या तेरा वसाहतींसाठी एकेक.

या झाडाचा पूर्वज बोस्टनचा. स्टॅम्प कायद्याने कागदपत्रांवर आणि वर्तमानपत्रांवर कर लादला, तेव्हा ऑगस्ट १७६५ मध्ये चिडलेल्या लोकांनी मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा तिथल्या एका एल्मला लटकवला. पुढे त्या झाडाखाली सभा भरू लागल्या. १७७५ मध्ये राजनिष्ठांनी ते तोडले.

उद्यानातले झाड मात्र एल्म नव्हे, लाइव्ह ओक आहे. डिस्नेच्याच जमिनीवर सापडलेला हा जुना वृक्ष मुळांसकट उचलून इथे लावला. दोर आवळून साल सोलली जाऊ नये, म्हणून खोडात आरपार भोके पाडून पोलादी दांडे घातले आणि यारीने त्यांनाच धरून झाड उचलले. बोस्टनचा एल्म हिवाळ्यात उघडा पडत असे. हा ओक बारमाही हिरवा. हा फरक इतिहासाला सोडून असला, तरी जिवंत झाडच हवे हा हट्ट संपादकांना मोलाचा वाटतो.

जवळच एका घराच्या वरच्या खिडकीत दोन कंदील ठेवलेले आहेत. वाचकाने तेही पाहावेत : १८ एप्रिल १७७५ च्या रात्री बोस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चमधून दाखवलेल्या दोन दिव्यांचा अर्थ होता, इंग्रज फौज पाण्यावरून निघाली आहे.