शिर काढली, तरी दुखते काय?

दात ‘किडतो’ या शब्दात एक जुना समज दडलेला आहे. सुश्रुतसंहितेत या रोगाला ‘कृमिदंतक’ म्हटले आहे; बाबिलोनियातही दातदुखीचे खापर अळीवरच फोडत. फ्रेंच दंतवैद्य फोशार याने 1728 मध्ये मात्र लिहिले, की अशी अळी आपल्याला दिसलीच नाही.

खरा दोषी सापडला तो जंतू. 1965 मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून ती तशीच उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांत दातातला गर मेला, मुळाशी गळवे झाली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र भोकात अन्न अडकूनही गर जगला आणि त्यावर नवे दंतद्रव्य चढले! रूट कॅनॉलमध्ये म्हणूनच गराबरोबर जंतूही काढून पोकळी बुजवतात.

मग नंतर ठणकते काय? दाताला हाडाशी बांधणारे तंतू. त्यांच्यात मज्जातंतू शाबूत असतात. उपचारात मुळाच्या टोकाशी दाह झाला, की चावताना कळ येते.

गणपतीपुळ्याला, एकदंताच्या गावी, असा दात ठणकला तर कोणीही लवंग सुचवील. लवंगेतले युजेनॉल उघड्या गराला बधिर करते खरे, पण बुजवलेल्या दातातून ते मुळाच्या टोकापर्यंत पोचणार कसे? तिथे दाह कमी करणारी, डॉक्टरांनी दिलेली गोळीच उपयोगी. ठणका बहुधा काही दिवसांत ओसरतो; तेवढ्यासाठी दात उपटून घेण्याची घाई नको. सूज किंवा ताप आला, दुखणे वाढत गेले, तर मात्र लगेच रत्नागिरी गाठावी.