अंजनगावचा तह आणि डोंगरउतारावरचे वेलिंग्टन

३० डिसेंबर १८०३ रोजी अंजनगाव सुर्जी येथे दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. शिंद्यांच्या बाजूने विठ्ठलपंत, मुनशी कमलनयन आदी मुत्सद्दी होते, तर कंपनीच्या बाजूने मेजर जनरल आर्थर वेलस्ली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि युरोपात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि न्यूझीलंडच्या राजधानीला त्याची पदवी चिकटली. सॅक पाठीला लावून न्यूझीलंड पालथे घालणारे तरुण या डोंगराळ बंदरशहरात हमखास एखादा दिवस काढतात. पानमळे आणि पानपिंपळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या अंजनगावचा या शहराशी असलेला संबंध मात्र प्रवासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

वेलस्ली भारतात आला १७९७ मध्ये आणि परतला १८०५ मध्ये. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड हा गव्हर्नर जनरल होता, ही गोष्ट त्याच्या बढतीला पोषकच ठरली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई जिंकल्यावर तो वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव-शिरसोलीच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि शिंद्यांचे घोडदळ त्याच्यासमोर उभे राहिले. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणींनी कच खाल्ली आणि त्या मागे पळत सुटल्या. असईत मर्दुमकी गाजवणारे हेच शिपाई होते. वेलस्लीने जातीने त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत उभे केले, आणि संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला.

उरला तो गाविलगड. चिखलदऱ्याच्या शेजारचा हा किल्ला दक्षिणेकडून चढून घेणे जवळजवळ अशक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी मेळघाटातून वळसा घालून उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूला गेली. रस्ता नव्हताच, डोंगर फोडून तो करावा लागला आणि जड तोफा माणसांनी ओढून वर नेल्या. १५ डिसेंबरला खिंडार पडले, आतल्या तटाला शिड्या लागल्या आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावला भोसल्यांनी तह केला. त्यात कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड त्यांच्या हातून गेले. वऱ्हाड कंपनीचा मित्र असलेल्या निजामाच्या पदरात पडले आणि पुढे १८५३ मध्ये त्याच्याकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर सोडले, बादशहा शाह आलमवरचे दावेही सोडले. दिल्लीचे राजकारण ज्या कागदाने पालटले, त्याच्यावर सह्या झाल्या त्या शहानूर नदीच्या काठी.

वेलस्लीला वेलिंग्टन ही पदवी भारतातल्या कामगिरीबद्दल मिळाली नाही. १८०९ मध्ये स्पेनमधील तालावेराच्या लढाईनंतर ती मिळाली आणि वेलिंग्टन हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या एका लहान गावाचे नाव. ड्यूक झाला १८१४ मध्ये, वॉटर्लू जिंकले १८१५ मध्ये, पंतप्रधान झाला १८२८ मध्ये. न्यूझीलंडला मात्र तो कधीच गेला नाही. शहराला त्याचे नाव मिळाले ते वॉटर्लूमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. खरे कारण याहून बरेच व्यवहारी आहे. एडवर्ड गिबन वेकफिल्ड आणि त्याचे साथीदार यांना वसाहती वसवण्याचा ठरावीक नमुना राबवायचा होता. १८३४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे विधेयक उमरावांच्या सभागृहात अडले असता ड्यूकने ते पार करून दिले. तिथल्या राजधानीला त्याचे नाव द्यायचे घाटत होते, पण राजाच्या मर्जीने ती राणीच्या नावाची ॲडलेड झाली. हे देणे वेकफिल्ड मंडळींच्या न्यूझीलंड कंपनीने १८४० मध्ये फेडले.

या कंपनीची जमीनखरेदीही कागदावरचीच. २७ सप्टेंबर १८३९ रोजी 'टोरी' जहाजावर १६ माओरी सरदारांनी एका दस्तावर खुणा केल्या. दुभाषा होता डिकी बॅरेट, देवमासे मारणाऱ्यांतला एक खलाशी. त्याची माओरी भाषा मोडकीतोडकी होती. मोबदला म्हणजे बंदुका, घोंगड्या आणि किरकोळ सामान. सरदारांना नेमके काय विकले गेले असे वाटले होते, यावरचा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. वैतांगी न्यायाधिकरणाने २००३ मधील अहवालात त्या व्यवहाराला दोष दिला आणि २००९ मध्ये स्थानिक माओरी टोळ्यांशी तडजोडीचा कायदा झाला. वऱ्हाडची रयत असो की 'ते व्हांगानुई-आ-तारा' म्हणजे वेलिंग्टनच्या बंदराकाठची माओरी वस्ती, आपली जमीन कोणाच्या नावे लिहिली जात आहे हे त्यांना कोणी धड समजावून सांगितले नव्हते.

'ऑरोरा' जहाजातून पहिले वसाहतवाले २२ जानेवारी १८४० रोजी पिटोनीच्या किनाऱ्यावर उतरले. तिथे हट नदीचे पाणी घरात शिरू लागले, तेव्हा गाव बंदराच्या पश्चिम टोकाला हलवले गेले. जागा सुरक्षित होती, पण सपाट जमीन जवळजवळ नव्हती. समुद्र आणि डोंगर यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीत गाव वसले आणि उरलेली घरे टेकड्यांवर चढली. राजधानी ऑकलंडहून इथे आली १८६५ मध्ये.

एका दिवसाच्या पायपिटीत हा सगळा इतिहास पायाखाली येतो. लॅम्बटन की हा आजचा बाजाररस्ता एकेकाळी खरोखरचा किनारा होता. १८४० ची किनाऱ्याची रेषा दाखवणाऱ्या छोट्या पाट्या फुटपाथवर बसवलेल्या आहेत आणि समुद्र आता इमारतींच्या पलीकडे गेला आहे. काही भराव माणसांनी घातला, काही काम २३ जानेवारी १८५५ च्या भूकंपाने केले. सुमारे ८.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने बंदराचा काठ दीड मीटरच्या आसपास वर उचलला गेला. त्यानंतर लोकांनी विटा-दगड सोडून लाकूड धरले. १८७६ मध्ये बांधलेली जुनी सरकारी कचेरी लांबून घडीव दगडाची वाटते. जवळ जाऊन बोटाने टकटक केली की कळते, कोपऱ्यांतल्या चिऱ्यांसकट सगळे लाकूड आहे. लॅम्बटन कीवरूनच १९०२ पासून केबल कार केलबर्नच्या टेकडीवर चढते. पूर्वेला १९६ मीटर उंचीचा माउंट व्हिक्टोरिया आहे. तिथून बंदर दिसते, पण कुकच्या सामुद्रधुनीवरचा वारा उभे राहू देईल तेवढाच वेळ.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी बेसिन रिझर्व्ह आहे. मूळ आराखड्यात तिथे तळे खोदून कालव्याने ते बंदराला जोडायचे होते. भूकंपाने जमीन वर आली, तळ्याचा बेत बुडाला आणि दलदल बुजवून क्रिकेटचे मैदान झाले. भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली ती १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये, आणि त्या मालिकेतला वेलिंग्टनचा सामना याच मैदानावर झाला. अजित वाडेकरांनी त्यात १४३ धावा केल्या. त्यांचे कसोटीतले हे एकमेव शतक.

मराठी मुलखाची आठवण करून देणारी आणखी एक जागा शहराच्या उत्तरेला आहे. वेलिंग्टन स्थानकातून जॉन्सनव्हिलची लोकल सुटते, एकामागून एक बोगदे पार करत घाट चढते आणि 'सिमला क्रेसेंट' स्थानकाच्या पुढे खंडाळा येतो. १८८० च्या दशकात भारतात चाकरी करून परतलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने इथल्या आपल्या घराला हे नाव दिले होते. घरावरून ते उपनगराला पडले आणि मग आसपासच्या रस्त्यांनाही दिल्ली, आग्रा, बनारस, मद्रास अशी नावे देण्यात आली.