प्रवेश नाकारला, आता ऐकून कोण घेणार?

शाळा प्रवेशाचे दिवस आले की आपल्याकडे चिठ्ठीला भाव येतो. कुणाची ओळख आहे, कुणाचा फोन जाईल, यावर घराघरात खल चालतो. प्रवेश नाकारला तर रीतसर दाद मागायची, हे सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही. इंग्लंडमध्ये ही दाद मागायची सोय कशी उभी राहिली, ते वाचण्यासारखं आहे. पोस्ट थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

१९४४ च्या तिथल्या शिक्षण कायद्यात एक गोड वाक्य होतं : मुलांचं शिक्षण पालकांच्या इच्छेप्रमाणे व्हावं. पण पुढे शेपूट होतं, शिक्षणाच्या गुणवत्तेला बाधा येत नसेल आणि अवाजवी खर्च होत नसेल तर. स्थानिक कौन्सिलनं नाही म्हटलं तर पालकांनी थेट मंत्र्याकडे तक्रार करायची. म्हणजे चिठ्ठीचाच मोठा भाऊ!

थॅचरबाईंच्या सरकारनं १९८० च्या कायद्यात पालकांना अपिलाचा हक्क दिला. अपील समित्या आल्या. पण गंमत बघा, ज्या कौन्सिलनं प्रवेश नाकारला, तिचेच सदस्य समितीत बसू शकत. बाहेरच्यांपेक्षा ते एकानंच जास्त असावेत आणि शिक्षण समितीतला माणूस अध्यक्ष नसावा, एवढंच बंधन. चोराच्या घरी पंचायत म्हणणार नाही, पण पालकाला काय वाटत असेल? १९९८ च्या कायद्यानं हे बंद केलं. आता पॅनलवर किमान तीन जण असतात. त्यात एक शिक्षणातला जाणकार आणि एक अगदी सामान्य नागरिक हवाच. या कामाचा पगार नाही. पण त्यांचा निकाल शाळेवर बंधनकारक असतो.

मुद्दा पुढेच आहे. भला माणूस खुर्चीत बसवला की न्याय होतो, असं तिथे कुणी धरून चालत नाही. प्रशिक्षण घेतल्याशिवाय पॅनल सदस्यानं सुनावणीत बसायचंच नाही, असा नियम आहे. पॅनलच्या क्लार्कलाही तोच. प्रवेशाचे नियम, समानतेचा आणि मानवी हक्कांचा कायदा, नैसर्गिक न्याय, सगळं शिकावं लागतं.

का? कारण शाळेची बाजू मांडणारा अधिकारी एकाच दिवसात पॅनलसमोर अनेकदा येतो. आई-बाप एकदाच येतात, तेही घाबरलेले. चहाच्या सुट्टीत तो अधिकारी पॅनलबरोबर एकटा बसला तर? म्हणून कुठल्याही एका बाजूला पॅनलसोबत एकटं थांबता येत नाही. दुसरा धोका उलटा. रडणारी आई बघून मन विरघळतं आणि नीट बोलता न येणारा बाप मागे पडतो.

यावर उपाय म्हणजे प्रश्न क्रमानं विचारायचे. ही दोन टप्प्यांची पद्धत १९८४ च्या साऊथ ग्लॅमॉर्गन खटल्यात कोर्टानं घालून दिली. आधी शाळेनं सिद्ध करायचं की आणखी एक मूल घेतलं तर शिक्षणाचं खरंच नुकसान होईल. ‘वर्ग भरलाय’ एवढं म्हणून भागत नाही. ते सिद्ध झालं तरच दुसरा प्रश्न : या मुलाची गरज त्या नुकसानापेक्षा जड आहे का? पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाला मात्र ३० ची कायदेशीर मर्यादा आहे, तिथे पॅनलचे हात बरेच बांधलेले. कितीही वाईट वाटलं तरी नाही म्हणावं लागतं. मला वाटतं, प्रशिक्षणाची खरी परीक्षा तिथेच होते. निकाल कारणांसह लेखी कळवायचा, साधारण पाच शालेय दिवसांत.

आता आपल्याकडे या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काबाबत कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. कागदावर सुनावणी आहे. पण ऐकणाऱ्यानं आधी काय शिकून यावं, यावर त्या कलमात एक ओळ नाही.

आपल्या तालुक्यात या कलमाखाली तक्रारी कोण ऐकतं, किती आल्या, ऐकणाऱ्याला काही प्रशिक्षण दिलंय का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये. मी या आठवड्यात टाकतोय. बाकीच्या तालुक्यांतल्या मंडळींनीही टाका, उत्तर आलं की इथेच कमेंटमध्ये लावा.