४२.३४ मीटर

महू म्हटले की मराठी माणसाला बाबासाहेबांचे जन्मगाव आठवते. आम्हा सिग्नल्सवाल्यांना ते शाळेच्या गावासारखे. कोर्सच्या निमित्ताने कधी ना कधी इथे यावेच लागते. माझी ही तिसरी खेप, आणि या वेळी प्रथमच कुटुंब सोबत आहे.

क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. गॅलरी अकरा फूट लांब. तिथे दोन तारा आहेत. एक कपड्यांची, ती आमच्या मंडळींची. दुसरी माझी, हौशी रेडिओची, ज्याला सगळे हॅम म्हणतात. परवाना आहे, युनिटची लेखी परवानगी आहे, फक्त जागा नाही. ४० मीटरच्या पट्ट्यावर नीट बोलायचे तर सुमारे २० मीटर लांब तार हवी. अकरा फुटांत ती बसवायची म्हणजे दुमडायची, कठड्याला वळसा घालायचा, उरलेली कसर कॉइल गुंडाळून भरून काढायची. एवढे करूनही पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "भाऊ, तुम्ही बोलायला लागलात की आमच्या मालिकेत पट्टे येतात." केबलला फेराइटची कडी घातली, पॉवर पाच वॅटवर आणली, तेव्हा शेजारधर्म वाचला.

त्या रात्री सेट बंद करताना एक जुना आकडा आठवला. ४२.३४ मीटर. मेगाहर्ट्झमध्ये सुमारे ७.०८. म्हणजे ज्या पट्ट्यावर मी गॅलरीतून बोलतो, नेमका तोच. १९४२ साली मुंबईच्या फ्लॅटांमधून याच पट्ट्यावर एक केंद्र बोलत होते, आणि त्याला शेजाऱ्यांच्या तक्रारीपेक्षा बरीच मोठी भीती होती.

थोडे मागे जाऊ. १९२१ साली २ जेके या खुणेने प्रक्षेपण करणारे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे देशातले पहिले हौशी रेडिओचालक मानले जातात. पुढे मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे रेडिओ क्लब निघाले, आणि दशक संपता संपता आपल्या खुणांना व्हीयू ही अक्षरे लागली. ती आजही आहेत. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने सगळे हौशी परवाने रद्द केले. सेट जमा करा, असा हुकूम निघाला.

मग आला ऑगस्ट १९४२. ८ तारखेला गोवालिया टँक मैदानावर ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांच्या गळ्याला सेन्सॉरचा फास होता. लोकांनी एकमेकांना बातमी कळवायची कशी? उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खक्कर यांच्या साथीने त्यांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. ट्रान्समीटर जोडला नरिमन प्रिंटर यांनी. ते युद्धापूर्वीचे हौशी रेडिओवाले. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्रीची मदत केली, आणि राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत नेते मजकूर देऊ लागले. २७ ऑगस्टला प्रक्षेपण सुरू झाले. "भारतातील कुठल्याशा ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर" अशा अर्थाची इंग्रजीतली घोषणा त्यावर होत असे.

ते कुठले तरी ठिकाण म्हणजे भाड्याचे फ्लॅट. चौपाटीचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. अडीच महिन्यांत इतकी बिऱ्हाडे. आपल्याकडच्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची बातमी सेन्सॉरला चुकवून या केंद्राने लोकांपर्यंत नेली. चितगावचा बाँबहल्ला आणि जमशेदपूरचा संपही.

आता या गोष्टीकडे आपल्या धंद्याच्या नजरेने पाहू. फ्लॅटमधले केंद्र लपवणे इतके कठीण का? तार बाहेर काढावीच लागते आणि ती दिसते. व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर म्हणजे पाठीवर घ्यायचा आजचा सेट नव्हे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे वजनच हमालाची आठवण करून देते. शिवाय इतक्या जवळून निघालेली लहर शेजारच्या साध्या रेडिओत कोणत्याही स्टेशनवर घुसू शकते. माझ्या वहिनींच्या मालिकेत पट्टे आले, तिथे गिरगावात कुणाच्या रेडिओवर आख्खे भाषण आले असते.

आणि सगळ्यात मोठा धोका दिशाशोधनाचा. माजी सिग्नलमन वाचकांनी हे हाताने केले आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तारेचे गोल वेटोळे फिरवत नेले की एका विशिष्ट स्थितीत आवाज पार मंदावतो. त्यावरून दिशा कळते. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेषा नकाशावर ओढल्या की त्या एकमेकींना छेदतात. मग गाडी त्या मोहल्ल्यात, आणि शेवटी माणूस पायी. शहरात इमारतींवर आपटून लहरी फसवतात, म्हणून वेळ लागतो. प्रक्षेपण जितके थोडे आणि जागा जितकी बदलती, तितका शोधणारा मागे राहतो. अडीच महिने टिकणे ही लहान गोष्ट नाही. हे मी शोधणाऱ्याच्या बाजूने बसलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

शेवट मात्र माणसामुळे झाला. १२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडला. ते कळूनही उषाबेन संध्याकाळी केंद्रावर गेल्या, कारण कार्यक्रमाची वेळ झाली होती. पोलिसांच्या हाती लागलेल्या तंत्रज्ञाने, म्हणजे प्रिंटर यांनीच, जागा दाखवली होती. दरवाजे फोडून पोलीस आत आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. ती थांबवायला उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांनी नकार दिला.

उषाबेन यांनी पुढे आठवणी सांगितल्या. त्यांतला एक तपशील मला सुटत नाही. आत शिरलेल्यांत पोलिसांबरोबर लष्करी तंत्रज्ञही होते.

म्हणजे माझ्याच धंद्याची माणसे. आमची कोर १५ फेब्रुवारी १९११ ची. तो दिवस आम्ही दरवर्षी अभिमानाने साजरा करतो, आणि १९४२ मध्ये ती त्याच लष्कराचा भाग होती. त्या दारातून मी आत गेलो असतो तर काय केले असते? हुकूम मानला असता. सेट सील केला असता, जप्तीच्या कागदावर सही केली असती. उगाच बढाई मारण्यात अर्थ नाही. कदाचित सोल्डरिंग पाहून मनात म्हटले असते, काम चांगले आहे. पण एवढ्याने त्या मुलीची शिक्षा कमी झाली नसती.

शिक्षा झालीच. खटल्यात प्रिंटर सरकारी साक्षीदार झाले. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेन यांना चार, चंद्रकांत झवेरी यांना एक. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. येरवड्यातून उषाबेन १९४६ मध्ये बाहेर आल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि २००० च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

या कथेचा दुसरा भाग महूत आहे, आणि तो इथल्याही पुष्कळ जवानांना ठाऊक नसतो. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, देशातल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' या नावाने स्थापन झाली ती याच गावातल्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये. पुढे ती दिल्लीला गेली आणि १९५४ मध्ये 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाली. सहा वर्षांपूर्वी दरवाजे फोडणाऱ्यांत ज्या धंद्याचे लोक होते, त्याच धंद्याच्या लोकांनी इथे हौशी माणसाला घरात बोलावून खुर्ची दिली. हुकूम देणारे बदलले की तेच हात वेगळे काम करतात. शिपायासाठी स्वातंत्र्याचा अर्थ मला तरी यापेक्षा सोपा सांगता येणार नाही.

ती खुर्ची वाया गेली नाही. २००१ मध्ये भूजला टेलिफोन मुके झाले तेव्हा हॅम पोहोचले. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच गेलेल्या हौशी चमूने निरोप बाहेर काढले. तिथेही खोली लहानच होती, आणि तार मिळेल तिथे बांधलेली.

हल्ली रात्री मुले झोपली की सेट लावतो. आधी दोन मिनिटे नुसते ऐकायचे, हा नियम. ७.०८ च्या आसपास खरखर असते, मधूनच कुणी दक्षिणेकडचा हाक देतो. मग मी माझी खूण सांगतो, नाव सांगतो आणि जागाही सांगतो: महू, दुसरा मजला, गॅलरी. याच पट्ट्यावर त्या लोकांना जागा सांगता येत नव्हती. मला येते. पाच वॅट पुरतात.

जय हिंद.